आवाजाला मागें टाकणारी मोटार

विक्रमांच्या याद्या चाळण्याची ज्यांना संवय आहे, त्यांना एक गोष्ट ठाऊक असेल. अशा यादींत एका ओळींत एक तारीख, एक आंकडा आणि एका माणसाचें नांव, एवढेंच असतें. जमिनीवरील वेगाच्या विक्रमांची जी यादी आहे, तिच्या शेवटच्या ओळींत १५ ऑक्टोबर १९९७ ही तारीख, ताशीं ७६३.०३५ मैल हा आंकडा आणि अँडी ग्रीन हें नांव आहे. किलोमीटरांत सांगावयाचें तर ताशीं सुमारें १,२२८. त्या दिवशीं अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं नेवाडा संस्थानांत, ब्लॅक रॉक नांवाच्या वाळवंटांत, चार चाकांवर धांवणारी एक मोटार ध्वनीच्याहि पुढें गेली. आज इतक्या वर्षांनंतरहि तो आंकडा कोणीं ओलांडलेला नाहीं. त्या ओळींत ज्यांना जागा मिळाली नाहीं अशा कांहीं माणसांविषयीं आणि त्यांनीं वर्षानुवर्षें चालविलेल्या त्या मोटारीच्या परीक्षेविषयीं मी आज बोलणार आहें.

परीक्षा हा शब्द मीं जाणूनबुजून वापरला. आमच्या धंद्यांत परीक्षा म्हणजे शिकवून झाल्यावर घ्यावयाची गोष्ट. या मंडळींचें तसें नव्हतें. तीं परीक्षा घेतां घेतांच शिकत होतीं, आणि प्रत्येक परीक्षेंत नापास होण्याची शक्यता अगदीं खरी होती.

कथेची सुरुवात वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावर असलेल्या पेंडाइन नांवाच्या पुळणीपासून करणें सोयीचें होईल. ओहोटीच्या वेळीं येथें सुमारें सात मैल लांबीची सपाट, घट्ट वाळू उघडी पडते. १९२४ सालीं माल्कम कँबेल यानें येथें ताशीं १४६ मैलांचा विक्रम केला, आणि पुढच्याच वर्षीं तो दीडशेंच्या वर गेला. मग पॅरी-थॉमस नांवाचा वेल्समध्येंच जन्मलेला एक एंजिनियर पुढें आला. मृत्यु पावलेल्या एका श्रीमंत सरदाराची जुनी मोटार त्यानें १२५ पौंडांना विकत घेतली. तिच्यांत विमानाचें सत्तावीस लिटरांचें इंजिन बसविलेलें होतें. त्यानें ती दुरुस्त केली, तिचें नांव ‘बॅब्स’ असें ठेविलें आणि एप्रिल १९२६ मध्यें ताशीं १७१ मैलांपर्यंत मजल मारली. फेब्रुवारी १९२७ मध्यें कँबेलनें तोहि विक्रम मोडला. तेव्हां ३ मार्च १९२७ रोजीं पॅरी-थॉमस आपली गाडी घेऊन पुन्हां पेंडाइनच्या वाळूवर उतरला. गाडी भर वेगांत असतां उलटली आणि तो जागच्या जागीं ठार झाला. ‘बॅब्स’ला तेथेंच वाळूंत पुरण्यांत आलें.

बेचाळीस वर्षें ती गाडी वाळूखालीं होती. १९६९ सालीं ओवेन विन ओवेन नांवाच्या, अभियांत्रिकी शिकविणाऱ्या एका अध्यापकानें परवानगी मिळवून ती उकरून काढली, आणि पुढें कित्येक वर्षें खपून गंजलेल्या त्या सांगाड्याची पुन्हां चालती गाडी केली. अपघाताचें कारण म्हणून तोंवर साखळी तुटल्याचें सांगितलें जात असे. गाडी बाहेर आल्यावर मागच्या एका चाकाकडे संशय वळला. म्हणजे ज्या परीक्षेची गरज १९२७ च्या आधीं होती, ती १९६९ नंतर झाली! पॅरी-थॉमसला मी दोष देत नाहीं. त्याच्यापाशीं धैर्य होतें, कौशल्यहि होतें. परंतु त्या काळीं गाडीची परीक्षा आणि विक्रमाचा प्रयत्न या दोन गोष्टी जवळजवळ एकच असत. चालकानें गाडींत बसावें आणि जें कळावयाचें तें धांवतांनाच कळावें, अशी ती रीत होती.

या रीतीचा अनुभव आपल्या कथेच्या मुख्य सूत्रधारालाहि एकदां आला होता. त्याचें नांव रिचर्ड नोबल. १९५२ सालीं, सहा वर्षांचा असतांना, त्यानें स्कॉटलंडमधील लॉक नेस या सरोवराच्या कांठीं जॉन कॉब याची वेगवान नौका पाहिली. हा कॉब म्हणजे १९४७ सालीं मोटारीचा ताशीं ३९४ मैलांचा विक्रम करणारा पुरुष. त्याच सप्टेंबर महिन्यांत कॉब त्या नौकेसह त्या सरोवरांत मरण पावला. परंतु मुलाच्या मनांत नौकेचें रूप राहून गेलें. मोठेपणीं नोबलनें विमानाचें एक जुनें जेट इंजिन मिळविलें आणि स्वतःच्या पैशानें एक गाडी बांधली. १९७७ सालीं ती धांवतां धांवतां उलटली, हवेंत कोलांट्या खाऊन जमिनीवर आपटली. नोबल आश्चर्यकारकरीत्या वांचला. गाडीचे अवशेष त्यानें भंगारवाल्याला १७५ पौंडांना विकले आणि ताशीं ६५० मैल वेगाची गाडी आंखून देणारा माणूस हवा आहे, असें वर्तमानपत्रांतून जाहीर केलें. जॉन ॲक्रॉइड नांवाचा एंजिनियर त्याला मिळाला. दोघांनीं मिळून ‘थ्रस्ट २’ ही गाडी सिद्ध केली आणि ४ ऑक्टोबर १९८३ रोजीं ब्लॅक रॉकच्या वाळवंटांत नोबलनें ती स्वतः हांकून ताशीं ६३३.४६८ मैलांचा विक्रम केला. मागाहून हिशेब पाहतां असें आढळलें कीं, त्या दिवशीं वेग आणखी थोडासाच वाढता, तर गाडीचें नाक वर उचललें गेलें असतें. ही गोष्ट नोबलच्या मनांतून गेली नसावी, असें त्याचें पुढील वर्तन पाहतां वाटतें.

कारण यानंतर त्याला ध्वनीची मर्यादा ओलांडावयाची होती, आणि येथें कांहीं नवीनच अडचण उभी राहते. ती थोडक्यांत सांगितली पाहिजे. वीज चमकल्यावर गडगडाट कांहीं वेळानें ऐकूं येतो, हें लहान मुलालाहि माहीत असतें. याचा अर्थ ध्वनीला प्रवास करावयास वेळ लागतो. हवेचें उष्णमान वीस अंश सेंटिग्रेड असतां ध्वनि सेकंदाला सुमारें ३४३ मीटर जातो. शून्य अंशावर सुमारें ३३१ मीटर. एखादी वस्तु याहून सावकाश जात असली, म्हणजे तिच्या येण्याची वार्ता हवेला आधींच पोंचते आणि हवा बाजूला सरते. वस्तु ध्वनीच्या वेगाला पोंचली कीं ती वार्ता पुढें जाऊंच शकत नाहीं. मग हवा तुंबते, दाबली जाते, आणि आघाताच्या लाटा उत्पन्न होतात. विमानाच्या भोंवतीं चारहि बाजूंना मोकळें आकाश असतें. त्या लाटा तेथें पसरतात. मोटारीच्या खालीं मात्र वीतभर अंतरावर जमीन आहे. त्या फटींत आघाताची लाट सांपडली तर ती गाडीला खालीं दाबील कीं वर फेंकून देईल? हें १९९० च्या सुमारास कोणालाच खात्रीनें सांगतां येत नव्हतें. आणि ताशीं साडेसातशें मैल वेगानें जाणाऱ्या गाडीचें नाक एकदां वर उचललें गेलें, म्हणजे चालकाला विचार करावयास अवसर उरत नाहीं.

नोबल १९९२ सालीं रॉन एअर्स यांना भेटला. एअर्स हे विमानें आणि क्षेपणास्त्रें यांच्या कामांत आयुष्य घालवून निवृत्त झालेले वायुगतिशास्त्रज्ञ. वय साठीचें. प्रथम त्यांनीं नोबलला नाउमेद केलें. असली गाडी होणें नाहीं, असें त्यांचें मत होतें. परंतु नाहीं म्हटल्यावर तें ‘नाहीं’ सिद्ध करावयास हवें, म्हणून ते गणित मांडूं लागले आणि त्यांतच अडकले. निवृत्त माणसांना असें होतें. माझाहि तसा थोडा अनुभव आहे.

एअर्सनीं जो मार्ग धरला तो मला या साऱ्या प्रकरणांत सर्वांत शहाणपणाचा वाटतो. एकाच प्रश्नाचें उत्तर त्यांनीं दोन अगदीं वेगळ्या रीतींनीं काढविलें. पहिली रीत गणकयंत्राची. स्वान्सी येथील विद्यापीठांत गाडीच्या आकाराभोंवतीं हवा कशी वाहील, याचा हिशेब प्रचंड गणकयंत्रावर मांडण्यांत आला. दुसरी रीत प्रत्यक्ष प्रयोगाची. गाडीची लहान प्रतिकृति करून ती रुळांवर धांवणाऱ्या अग्निबाणाच्या घसरगाडीवर बसविली आणि ध्वनीहून अधिक वेगानें सोडली. हे प्रयोग कोठें झाले म्हणाल, तर पेंडाइनला. ज्या किनाऱ्यावर पॅरी-थॉमस मेला, तेथील लष्करी खात्याच्या आवारांत. दोन्ही रीतींचे आंकडे समोरासमोर ठेविले तेव्हां ते इतके जुळले कीं, एअर्सना आपलें पहिलें मत सोडावें लागलें. गाडी शक्य होती. मात्र तिचा आकार ठरलेला असावयास हवा होता आणि जमिनीशीं तिचा कोन अणुमात्रहि बिघडतां कामा नये होता.

त्या आकारानें दुसरें संकट आणलें. फँटम या लढाऊ विमानांत बसविलेलीं रोल्स-रॉइस स्पे जातीचीं दोन जेट इंजिनें गाडीच्या दोन्ही बाजूंना, पुढच्या अंगाला घ्यावीं, म्हणजे वजन पुढें राहील आणि नाक खालीं राहील, असें ठरलें. गाडीची लांबी सुमारें साडेसोळा मीटर आणि वजन दहा टनांहून अधिक. पुढचीं चाकें इंजिनांखालीं गेलीं. त्यांना वळवावयास तेथें जागा उरली नाहीं. तेव्हां यंत्ररचना पाहणारे ग्लिन बाउशर यांनीं मागच्या चाकांनीं गाडी वळवावयाची अशी युक्ति काढली, नौकेला सुकाणूं मागें असतें तशी. बरें, मागचें शेपूट अरुंद. तेथें दोन चाकें शेजारीं शेजारीं मावत नाहींत, म्हणून तीं एकामागें एक, किंचित् तिरपीं बसवावयाचीं. असली गाडी सरळ जाईल, यावर जाणत्या लोकांचाहि विश्वास बसेना. बाउशरनीं वाद घातला नाहीं. एक जुनी मिनी मोटार घेतली, तिच्या मागें लोखंडी सांगाडा जोडला, त्याला तशींच दोन तिरपीं चाकें लावलीं आणि मोटारींच्या परीक्षेच्या मैदानांत ती हांकून दाखविली. ती सरळ गेली, आणि वळवल्यावर वळलीहि. ध्वनीला मागें टाकणाऱ्या गाडीची एक महत्त्वाची परीक्षा बाजारहाटाला नेण्याच्या छोट्या मोटारीवर झाली, हें ऐकून पुष्कळांना हंसूं येतें. मला तरी तें अत्यंत गंभीर काम वाटतें.

गाडी हांकावयास या खेपेस नोबल स्वतः बसला नाहीं. पैसा जमविणें आणि माणसें सांभाळणें हेंच काम त्याला पुरेसें होतें. सुमारें तीस उमेदवारांच्या कसून परीक्षा घेऊन ब्रिटिश हवाई दलांतील वैमानिक अँडी ग्रीन याची निवड झाली. ऑक्सफर्डला गणितांत पहिल्या वर्गांत उत्तीर्ण झालेला हा माणूस. त्यामुळें एअर्सच्या हिशेबांत शंका काढण्याची त्याची योग्यता होती, आणि तो त्या काढीतहि असे.

आतां या मंडळींविषयीं. ही संस्था सरकारची नव्हती, आणि कोणत्या एका मोठ्या कंपनीचीहि नव्हती. कारखानदारांनीं पैशापेक्षां माल आणि कारागिरी यांच्या रूपानेंच अधिक मदत केली: कोणी धातु दिला, कोणी तारा दिल्या, कोणी आपल्या यंत्रांवर सुटे भाग कातून दिले. काम करणारांपैकीं पुष्कळसे लोक पगार न घेतां, आपापल्या नोकरींतून रजा काढून येत. त्यांच्या पाठीशीं वर्गणी भरणारे हजारों साधे लोक होते. त्यांचें एक मंडळ होतें. त्याचे सभासद सुटीच्या दिवशीं कारखान्यांत येऊन गाडी पाहत आणि पडेल तें काम करीत. यानें कोणाचें पोट भरलें, असें जर कोणी विचारील, तर त्याचें समाधान होईल असें उत्तर माझ्यापाशीं नाहीं. गाडीचा दुसरा कांहीं उपयोग नव्हता. परंतु एखादा प्रश्न सुटत नाहीं म्हणून तो सोडविण्यासाठीं माणसें आपल्या संध्याकाळी खर्ची घालतात, ही गोष्ट मला तरी तुच्छ मानवत नाहीं.

१९९६ सालीं गाडी इंग्लंडमधील फार्नबरो येथें प्रथम धांवली. तेथील धांवपट्टी विमानांपुरती. मोठ्या वेगाला तेथें जागा नाहीं. म्हणून त्या वर्षाच्या अखेरीस ती जॉर्डन देशाच्या दक्षिण भागांतील अल-जफ्र या वाळवंटांत नेण्यांत आली. आटलेल्या सरोवराचा तो तळ, सपाट आणि कठीण. राजा हुसेन याची या कार्याला सहानुभूति होती.

येथें त्या कामाला आरंभ झाला ज्याचा उल्लेख विक्रमाच्या कोठल्याहि यादींत नसतो. या गाडीच्या चाकांना रबर नाहीं. असल्या वेगानें फिरणारें रबर आपल्याच फिरण्यानें फाटून चिंध्या होईल. म्हणून चाकें ॲल्युमिनियमच्या मिश्र धातूचीं, भरीव. पुऱ्या वेगांत तीं सेकंदाला शंभराहून अधिक फेरे घेतात. अशा चाकाखालीं सुपारीएवढा खडा आला तर तो बंदुकीच्या गोळीसारखा उडून गाडीच्या अंगांत शिरूं शकतो. इंजिनाच्या तोंडांत गेला तर आंतील पातीं मोडून तें इंजिन निकामी करतो. मग यावर उपाय काय? उपाय एकच. माणसांनीं कांहीं हातांचें अंतर ठेवून एका ओळींत उभें राहावें, मान खालीं घालावी, आणि मैलचे मैल चालत जाऊन दिसेल तो खडा, खिळा, कांचेचा तुकडा उचलावा. शेवटापर्यंत गेल्यावर बाजूचा पट्टा धरून परत यावें. एंजिनियर, स्वयंपाकी, हिशेबनीस, पाहुणा, जो मोकळा असेल तो ओळींत उभा. दहा टनांच्या आणि एक लक्षाहून अधिक अश्वशक्तीच्या त्या यंत्राचा मार्ग अशा रीतीनें बोटांनीं झाडून काढावा लागला.

आणि इतकें करूनहि पहिल्या खेपेस निराशाच पदरीं पडली. गाडी ताशीं सव्वातीनशें मैलांच्या आसपास पोंचली, मागच्या चाकांच्या आधाराचा भाग दुबळा ठरला, आणि मग त्या वाळवंटांत पाऊस आला. कोरडा तळ पुन्हां सरोवर झाला. सारें सामान गुंडाळून मंडळी इंग्लंडला परतली. मे १९९७ मध्यें ती पुन्हां तेथें गेली. आतां ऊन भयंकर होतें. पुन्हां खडे वेंचणें आलें; पुन्हां वेग थोडाथोडा वाढविणें आलें. ही थोडाथोडा वाढविण्याची शिस्त लक्षांत घेण्यासारखी आहे. प्रत्येक धांवेनंतर गाडींतील मापकयंत्रांनीं नोंदलेले आंकडे काढून एअर्सच्या भाकितांशीं ताडून पाहावयाचे. जुळले तरच पुढच्या धांवेला वेग वाढवावयाचा. न जुळले तर कारण सांपडेपर्यंत गाडी उभी ठेवावयाची. मागची बाजू वरखालीं करून गाडीचा कोन राखणारी यंत्रणा जेरेमी ब्लिस यांच्याकडे होती, आणि तीहि अशीच पायरीपायरीनें तपासली गेली. या खेपेस वेग ताशीं सुमारें ५४० मैलांपर्यंत गेला. तेव्हां चाकांच्या आधारांत पुन्हां मोडतोड आढळली, आणि नोबलनें काम थांबवून सर्वांना घरीं आणलें.

पैसा जवळजवळ संपला होता. लोक टीका करीत होते. अमेरिकेंत क्रेग ब्रीडलव्ह नांवाचा प्रसिद्ध प्रतिस्पर्धी आपली गाडी घेऊन त्याच विक्रमासाठीं सिद्ध होत होता. अशा वेळीं ‘पाहूं काय होतें तें’ असें म्हणून गाडी तशीच दामटणें किती सोपें होतें! गाडी उघडून, तुटलेला भाग नव्यानें करून, मगच पुढें जावयाचें ठरविणें हें माझ्या मतें या कथेंतील खरें धाडस होय.

आतां गाडी अमेरिकेस न्यावयाची कशी? गाडी आणि तिचें सामान एका प्रचंड रशियन बनावटीच्या मालवाहू विमानांतून जावयाचें होतें, आणि त्या विमानाच्या इंधनालाच लाखों पौंड हवे होते. तेव्हां आंतरजाल ही गोष्ट सामान्य घरांत नुकतीच येऊं लागली होती. मंडळींनीं त्याच्याद्वारें जगाला विनंती केली कीं, आपण आम्हांला पंचवीस गॅलन इंधन विकत घेऊन द्या. देशोदेशींच्या अनोळखी लोकांनीं पंचवीस-पंचवीस गॅलनांचे पैसे पाठविले आणि विमान आकाशांत चढलें. थेंबें थेंबें तळें सांचे ही म्हण आपण मुलांना पाठ करावयास सांगतों. येथें तळें सांचून तें उडालेंहि!

सप्टेंबर १९९७ मध्यें ब्लॅक रॉकच्या वाळवंटांत दोन्ही पक्ष समोरासमोर आले. ब्रीडलव्ह हा मोठा मनुष्य. १९६० नंतरच्या दहा वर्षांत त्यानें हा विक्रम अनेकदां आपल्या नांवावर केला होता. परंतु १९९६ च्या ऑक्टोबरांत याच ठिकाणीं, ताशीं सुमारें ६७५ मैल वेगांत असतां, आडव्या वाऱ्यानें त्याची गाडी एका अंगावर कलंडली आणि मोठें वर्तुळ घेत कशीबशी थांबली. वारा पंधरा नॉट होता आणि त्यानें रेडिओवर दीड ऐकलें, अशी हकीगत सांगतात. इंग्रजींत या दोन आंकड्यांत दशांशचिन्हाचाच काय तो फरक. तो सुदैवानें वांचला. १९९७ मध्यें त्याच्या इंजिनांत परकी वस्तु शिरून इंजिन बिघडलें, आणि त्याला स्पर्धेंत पुढें येतां आलें नाहीं.

इकडे ‘थ्रस्ट’च्या मंडळींनीं मैलांमैलांचे एकाशेजारीं एक असे मार्ग आंखले, कारण चाकांनीं एकदां फोडलेल्या पापुद्र्यावरून तितक्याच वेगानें पुन्हां जाणें धोक्याचें होतें. जितके मार्ग, तितक्या वेळां खडे वेंचणें. जवळच्या गर्लाक या लहानशा गांवानें या परक्या पाहुण्यांना आपलेंसें केलें. २५ सप्टेंबर रोजीं सरासरी ताशीं ७१४.१४४ मैल वेग होऊन नोबलचा चौदा वर्षांचा विक्रम मोडला. नोबल तेथेंच उभा होता. त्याला यापरतें सुख नव्हतें, कारण ती त्याचीच गाडी होती.

पुढचें अंतर आंकड्यांनीं थोडें आणि कष्टानें फार. ध्वनीच्या वेगाजवळ पोंचतांच गाडी एका बाजूला ओढूं लागे आणि ग्रीनला सुकाणूंचें चाक पाव फेरा वळवून तिला कशीबशी रेषेवर ठेवावी लागे. धांवा बहुधा सकाळच्या थंडींत काढीत. याचें एक कारण शास्त्राचें आहे. थंड हवेंत ध्वनीचा वेग कमी असतो. म्हणजे ओलांडावयाची भिंतच थोडी ठेंगणी होते. ज्या वेगानें शेवटीं विक्रम झाला, तोच वेग उन्हाळ्यांतील एखाद्या दुपारीं ध्वनीपेक्षां कमी भरला असता.

विक्रमाचा नियम असा कीं, मोजलेल्या मैलावरून एकदां जावयाचें, आणि एका तासाच्या आंत उलट दिशेनें परत यावयाचें; दोहोंची सरासरी ती खरी. एका दिशेनें वारा पाठीशीं असला तर त्याचा लाभ दुसऱ्या दिशेंत फिटावा, हा त्यांतील न्याय. १३ ऑक्टोबर रोजीं गाडी दोन्ही दिशांना ध्वनीच्या पुढें गेली. पहिल्या धांवेच्या अखेरीस मात्र थांबविणारी छत्री उघडली नाहीं. गाडी ठरल्या जागेच्या बरीच पुढें गेली, आणि तिला मागें आणून, तपासून, इंधन भरून वळवावयास जो वेळ लागला त्यानें तासाची मर्यादा सुमारें एका मिनिटानें चुकली. इतक्या वर्षांचे श्रम, आणि एक मिनिट! विक्रम नोंदला गेला नाहीं. तपासणी आंखडती घेतली असती तर तें मिनिट वांचलें असतें, हें उघड आहे. आणि ती आंखडती घेतली गेली नाहीं, हेंहि तितकेंच उघड आहे.

दुसऱ्या दिवशीं, १४ ऑक्टोबर रोजीं, चक येगर यानें विमानांतून ध्वनीची मर्यादा ओलांडली त्याला बरोबर पन्नास वर्षें होत होतीं. वर्तमानपत्रवाल्यांना तो दिवस साधला जावा असें वाटलें असेल. पण तो तसाच गेला. १५ ऑक्टोबरच्या सकाळीं ग्रीन पुन्हां गाडींत बसला. एका दिशेनें ताशीं ७५९.३३३ मैल, दुसऱ्या दिशेनें ७६६.६०९ मैल, तासाच्या आंत. लांब उभ्या असलेल्या लोकांना गाडी प्रथम निःशब्द जातांना दिसली, आणि मग आघाताचा गडगडाट ऐकूं आला. गर्लाक गांवांतहि तो ऐकूं गेला.

त्यानंतर नोबलनें ती गाडी पुन्हां त्या वेगानें धांवूं दिली नाहीं. ती आज इंग्लंडमध्यें कॉव्हेंट्री येथील वाहनांच्या संग्रहालयांत ‘थ्रस्ट २’च्या सोबतीला उभी आहे. २००८ सालीं नोबल, एअर्स आणि ग्रीन यांनीं ‘ब्लडहाउंड’ नांवाच्या, ताशीं हजार मैलांच्या गाडीची घोषणा केली. २०१७ च्या ऑक्टोबरांत ती न्यूकी येथील धांवपट्टीवर लोकांसमोर ताशीं २१० मैलांनीं धांवली. पुढच्या वर्षीं पैसा संपला, गाडी विकली गेली, आणि इयन वॉरहर्स्ट या नव्या धन्याच्या पदरीं असतां नोव्हेंबर १९१९ नव्हे, २०१९ मध्यें (शतकें गुंतण्याइतकी ही कथा आतां लांबली आहे) दक्षिण आफ्रिकेंतील हॅक्स्कीन पॅन या वाळवंटांत ताशीं ६२८ मैलांवर पोंचली. तेथेंच तिची गति खुंटली, आणि २०२१ सालीं तीहि कॉव्हेंट्रीला गेली. परंतु तिच्यासाठीं हॅक्स्कीन पॅनवर जो मार्ग सिद्ध झाला, त्याची हकीगत सांगून मी आपली रजा घेतों. त्या भागांतील ३१७ स्त्रीपुरुषांनीं, मजुरीवर, कित्येक वर्षें राबून तो तळ हातांनीं साफ केला. त्यांनीं वेंचून काढलेल्या दगडांचें वजन सुमारें साडेसोळा हजार टन भरलें. तेथेंहि ते एका ओळींत, मान खालीं घालून चालत असत.